दोन दारांचा मायक्रोफोन

गेल्या वर्षीं एका घरगुती कामासाठीं मीं एक मायक्रोफोन विकत घेतला. ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहरीं 'रोड' नांवाची कंपनी आहे, तिचा 'एनटी-१' या जातीचा हा मायक्रोफोन. त्याची पांचवी आवृत्ति २०२३ सालीं बाजारांत आली. दिसावयास तो साधा आहे. धातूचें वीतभर लांबीचें नळकांडें, वरच्या भागास बारीक तारांची जाळी, आणि जाळीच्या आंत सोन्याचा मुलामा दिलेली रुपयाएवढी एक चकती. नवल दिसलें तें बुडाशीं. तेथें एक गोल खोबण असून तींत तीन दांडे आहेत. ध्वनिमुद्रणगृहांत एकदां जरी जाऊन आलेल्या माणसाच्या ते ओळखीचे असतात. परंतु त्याच खोबणींत, त्या दांड्यांच्या सोबतीला, एक लहानशी चपटी फट आहे. हातांतल्या फोनला वीज पाजण्यासाठीं आपण रोज जी तार लावतों, ती तेथें बसते. गोल खोबणींतून आवाज विजेच्या लाटांच्या रूपानें बाहेर पडतो. चपट्या फटींतून तो अंकांच्या रूपानें बाहेर पडतो. पहिल्या रीतीस ॲनालॉग म्हणतात, दुसरीस डिजिटल. एका वेळीं एकच दार उघडतें, कारण एक तार बसली कीं दुसरीस जागा उरत नाहीं.

एवढ्याशा वस्तूला दोन दारें कां असावींत, हा प्रश्न मनांत आल्यावर मीं जें वाचलें व जाणत्यांना विचारलें, त्यावरून माझी अशी समजूत झाली आहे कीं, कंडेन्सर मायक्रोफोनचा शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास म्हणजे एका अत्यंत दुबळ्या जिवाला लांबच्या प्रवासांत कसें जपावें, याचाच इतिहास आहे. हीं दोन दारें त्या एकाच काळजीचीं, निरनिराळ्या काळीं दिलेलीं, दोन उत्तरें होत. दोहोंपैकीं कोणतें अधिक टिकेल, हा प्रश्न मात्र केवळ यंत्रज्ञांचा नाहीं.

मायक्रोफोन ध्वनिमुद्रणांत नव्हता त्या काळापासून आरंभ करूं. १९०२ च्या नोव्हेंबरांत ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गेसबर्गनें कलकत्त्यास गोहरजानचें गाणें मुद्रित केलें. त्या सबंध क्रियेंत आवाज विजेला मुळीं शिवतच नव्हता. गाणाऱ्यानें एका मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशीं तोंड नेऊन गावयाचें. कर्ण्याच्या निमुळत्या टोकाशीं एक पडदा. पडद्याला जोडलेली सुई मेणाच्या फिरत्या तबकडीवर रेघ कोरीत जाई. गळ्यांतून निघालेल्या हवेच्या धक्क्यानेंच ती सुई हालावयाची, दुसरें बळ नाहीं. तेव्हां धक्का जोरकस हवा. अवघ्या तीन मिनिटांत चीज आटोपून गोहरजान शेवटीं खड्या आवाजांत इंग्रजींतून आपलें नांव सांगते, तें आजहि ऐकूं येतें.

या कर्ण्यानें कोणाला पत्करलें व कोणाला नाकारलें, हें पाहण्यासारखें आहे. ज्यांचा आवाज टिपेचा, खणखणीत, दाणेदार, ते तरले. ज्यांची गायकी हळुवार, ज्यांचे स्वर एकमेकांत नकळत विरघळणारे, त्यांचें अर्धें गाणें कर्ण्याच्या बाहेरच राहिलें. तंबोऱ्याची आस तर बहुतेक नाहींशीच होई. आणि गाणाऱ्याला सुद्धां त्या कर्ण्यापुढें गातांना आपण गात आहों कीं आरोळी देत आहों, असा प्रश्न पडत असला पाहिजे.

विजेनें आवाज नेण्याची विद्या त्या वेळीं अज्ञात होती असें नाहीं. टेलिफोनमध्यें कोळशाचा मायक्रोफोन केव्हांच नांदूं लागला होता. 'मायक्रोफोन' हें नांव त्याला डेव्हिड ह्यूज यानें १८७८ सालीं दिलें. कोळशाच्या दाण्यांवर पडद्याचा दाब कमीअधिक होई आणि त्यासरशीं विजेचा प्रवाह कमीअधिक वाहे. निरोप समजावयास तें पुरे होतें. परंतु ते दाणे कधीं स्वस्थ बसत नसत. शेगडींत निखारे तडतडावेत तशी कांहींशी खसखस ते अखंड करीत; शिवाय कांहीं स्वर फुगवून सांगत, कांहीं दाबून टाकीत. गांवगप्पा सांगणाऱ्या माणसासारखा तो मायक्रोफोन होता. बातमी पोंचे, पण शब्दश: नव्हे.

हा अप्रामाणिकपणा ज्याला सहन झाला नाहीं, तो गवई नव्हता, मोजमाप करणारा होता. अमेरिकेंतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या अभियांत्रिकी शाखेंत एडवर्ड वेन्टे नांवाचा एक तरुण १९१४ सालीं नोकरीस लागला. ध्वनि किती मोठा आहे हें मोजण्याचें खात्रीचें साधन त्याला हवें होतें. संगीत, नभोवाणी, बोलपट यांपैकीं कशासाठींहि तें नव्हतें. १९१६ सालीं त्यानें तें साधन सिद्ध केलें आणि पुढील वर्षीं 'फिजिकल रिव्ह्यू' या नियतकालिकांत त्याचें वर्णन छापलें. हाच आजच्या कंडेन्सर मायक्रोफोनचा मूळपुरुष.

त्याची रचना सांगावयास फार शब्द लागत नाहींत. धातूची एक स्थिर तबकडी घ्यावी, आणि तिच्यासमोर केसाच्या जाडीइतक्या अंतरावर एक ताणलेला पातळ पडदा बसवावा. समोरासमोर ठेवलेल्या अशा दोन पत्र्यांवर विजेचा भार सांठवतां येतो. त्या जोडीलाच कंडेन्सर म्हणतात. आवाजानें पडदा हालला कीं मधलें अंतर बदलतें. अंतर बदललें कीं दोहोंमधील विजेचा दाब बदलतो. आणि तो बदल म्हणजेच आवाजाचें विजेंत पडलेलें प्रतिबिंब. पडदा इतका हलका व इतका ताणलेला असतो कीं, खर्जापासून तार सप्तकाच्या पलीकडे जाणाऱ्या सूक्ष्म ध्वनींपर्यंत सर्वांशीं तो जवळजवळ सारख्याच इमानानें वागतो. हा निष्पक्षपातीपणा मोजमापासाठीं हवा होता. कलेच्या पदरांत तो आयताच पडला.

पण या इमानी यंत्राची प्रकृति फार नाजूक, आणि पुढचा सारा इतिहास त्या नाजुकपणानेंच घडवला. चकतीवरून निघणारा संकेत इतका क्षीण असतो कीं, थोडीशी लांब तार जोडली तरी तिच्यांतच तो जिरून जावा. त्यामुळें त्याला बळ देणारा वर्धक, म्हणजे त्या काळचा काचेचा व्हॉल्व्ह, पडद्याच्या अगदीं शेजारींच बसवावा लागला. तान्ह्या मुलाला एकट्यानें प्रवासास धाडतां येत नाहीं, बरोबर दाई द्यावी लागते, तसेंच हें. ही सोबत कायमची झाली. गेल्या शंभर वर्षांत पडदा व तबकडी यांत मूलत: फारसा बदल झालेला नाहीं, बदलत गेली ती दाई.

या नाजुकपणाचा दुसरा प्रकार आपल्याकडील पावसाळ्यांत विशेष अनुभवास येतो. पडदा आणि तबकडी यांच्यामधली हवा दमट झाली कीं सांठवलेला भार भलत्याच वाटेनें झिरपूं लागतो आणि मायक्रोफोन तडतडूं लागतो. याचा प्रसाद मला मिळालेला आहे. माझी आत्या रत्नागिरी जिल्ह्यांतील एका खेड्यांत राहते. वय नव्वदीच्या घरांत. जात्यावरच्या ओंव्या तिला किती येतात याची मोजदाद तिनेंहि कधीं केलेली नाहीं. चार वर्षांपूर्वीं, ऐन आषाढांत, एका स्नेह्याचा जुना कंडेन्सर मायक्रोफोन, त्याला वीज पुरवणारी पेटी आणि तारांचें एक भेंडोळें घेऊन मी तिच्याकडे गेलों. तिनें तासभर ओंव्या म्हटल्या. ऐकून पाहतों तों प्रत्येक ओंवीवर तव्यांत मोहरी तडतडावी तसे आवाज. मग कोणी सुचवल्यावरून तो मायक्रोफोन दिव्याच्या उबेंत ठेवला. संध्याकाळपर्यंत तो सुधारला. पण तोंपर्यंत आत्याचा गळा बसला होता. दुसऱ्या दिवशीं मला परतणें भाग होतें. असो.

१९२५ सालीं या यंत्राचें दैव उघडलें. जोसेफ मॅक्सफील्ड आणि हेन्री हॅरिसन या दोघांनीं, वेन्टे होता त्याच शाखेंत, मायक्रोफोन, वर्धक व विजेनें हालणारी कोरणी यांची सांगड घातली, आणि अमेरिकेंतील व्हिक्टर व कोलंबिया या दोन्ही बड्या कंपन्यांनीं ती पद्धति स्वीकारली. सुई हालवण्याचें बळ आतां गळ्यानें पुरवावयास नको होतें; तें वीज पुरवी. गळ्यानें फक्त गावें. दोन वर्षांनीं, १९२७ मध्यें, अमेरिकन बोलपटानें पडद्यावर तोंड उघडलें. आणि त्याच वर्षीं २३ जुलै रोजीं मुंबईचें नभोवाणी-केंद्र सुरू झालें. मोजमापाचें यंत्र म्हणून जन्मलेली ही कल्पना दहा वर्षांत अशी जगाच्या कानाशीं येऊन बसली.

आपल्या संगीताला यानें काय दिलें, हें ज्याला ऐकावयाचें असेल त्यानें अब्दुल करीमखांसाहेबांच्या दोन काळच्या ध्वनिमुद्रिका एकापाठोपाठ एक लावाव्या. पहिल्या, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतील, कर्ण्यापुढें गायलेल्या. दुसऱ्या, १९३७ सालीं ते निवर्तले त्यापूर्वींच्या थोड्या वर्षांत, विजेच्या मायक्रोफोनपुढें गायलेल्या. मधल्या काळांत गाणें पिकलें हें खरेंच. परंतु झिंझोटींतील तो कळवळा, स्वर लावण्यापूर्वींचा तो सूक्ष्म श्वास, हें कर्ण्यानें कधींहि टिपलें नसतें. त्यांच्याच पिढीचे भास्करबुवा बखले १९२२ सालींच गेले. विजेचें ध्वनिमुद्रण तीन वर्षें उशिरां आलें. आणि बुवांच्या गाण्याची कल्पना आपणांस त्यांच्या शिष्यांच्या गाण्यावरून व जुन्या माणसांच्या आठवणींवरून करावी लागते. तीन वर्षें म्हणजे इतिहासाच्या हिशेबीं कांहींच नव्हे.

येथून पुढची कथा बर्लिनची. गेओर्ग नॉयमान याचा जन्म १८९८ चा. ऑयगेन राइस याच्या हाताखालीं, संगमरवराच्या ठोकळ्यांत बसवलेल्या एका सुधारलेल्या कोळशाच्या मायक्रोफोनवर त्यानें प्रथम काम केलें. पण कोळसा संगमरवरांत बसवला म्हणून आपली जात विसरत नाहीं; खसखस चालूच. १९२८ सालीं नॉयमाननें स्वतःचा कारखाना काढला आणि 'सीएमव्ही-३' नांवाचा कंडेन्सर मायक्रोफोन विकावयास आणला. मोठ्या संख्येनें तयार होऊन विकला गेलेला हा पहिला कंडेन्सर मायक्रोफोन समजतात. सुमारें चाळीस सेंटिमीटर उंच, पोटांत व्हॉल्व्ह, माथ्यावर चकती. आकारावरून त्याला 'नॉयमानची बाटली' असें नांव पडलें. मागाहून या बाटलीचें डोकें बदलण्याची सोय झाली. एक डोकें चोहोंकडचें ऐकणारें, एक समोरचेंच ऐकणारें, आणि एक समोरचें व मागचें ऐकून दोन्ही बाजूंस कानाडोळा करणारें. (सभेंतल्या श्रोत्यांच्या याहून वेगळ्या जाती मला आढळलेल्या नाहींत.)

१९३६ च्या बर्लिन येथील ऑलिंपिक खेळांचें वर्णन या बाटल्यांतून जगभर गेलें. आणि त्या काळच्या जर्मन राज्यकर्त्यांचीं भाषणेंहि त्यांच्याच द्वारें घरोघर पोंचलीं. स्वरास्वरांत पक्षपात न करणें हा यंत्राचा गुण होय. बोलणाऱ्यांत निवड करण्याचें काम त्याचें नव्हे. तें ज्यांचें होतें त्यांनीं केलें नाहीं, त्याचें फळ बर्लिन शहरानेंच भोगलें. १९४३ मध्यें बाँबवर्षावांत कारखान्याची वाताहत झाली. नॉयमाननें उरलेसुरलें सामान व माणसें घेऊन थुरिंगिया प्रांतांतील गेफेल या लहानशा गांवीं बिऱ्हाड हालवलें. युद्ध संपल्यावर तो प्रांत रशियाच्या अंमलाखालीं गेला. नॉयमान बर्लिनच्या पश्चिम भागांत परतला. गेफेल येथील मंडळी तेथेंच राहून मायक्रोफोन करीत राहिली. एका घरच्या भाऊबंदांनीं वाटणी न करतां वेगळें व्हावें, तसें झालें.

१९४९ सालीं त्याच्या बर्लिनच्या कारखान्यांतून 'यू-४७' बाहेर पडला. ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रांत आजहि या मायक्रोफोनचें नांव आदरानें घेतलें जातें. त्याच्या पोटांत टेलिफुंकेन कंपनीचा 'व्हीएफ-१४' नांवाचा व्हॉल्व्ह असे. दहा वर्षें होतात न होतात तों टेलिफुंकेननें तो व्हॉल्व्ह करणें बंद केलें. शिल्लक सांठा संपत आला आणि यू-४७ चें उत्पादन गुंडाळावें लागलें. १९६० सालीं त्याच्या जागीं 'यू-६७' आला. म्हणजे पडदा उत्तम, चकती उत्तम, मागणीहि भरपूर. पण दाई मिळेना म्हणून मूल गेलें. जुने यू-४७ ज्यांच्यापाशीं आहेत ते त्या व्हॉल्व्हसाठीं आजहि वाटेल ती किंमत मोजतात. हा प्रसंग श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. मला तो पुढें पुन्हां लागणार आहे.

व्हॉल्व्हला स्वतंत्र वीज लागे. त्यासाठीं प्रत्येक मायक्रोफोनबरोबर एक वेगळी पेटी व अनेक पदरांची जाड तार बाळगावी लागे. ट्रान्झिस्टर आल्यावर ही भूक पुष्कळ कमी झाली, आणि आपल्या मायक्रोफोनचें पहिलें दार पक्कें होण्याचा योग आला. तो आला नॉर्वेंत. १९६६ मध्यें नॉर्वेच्या नभोवाणीला नॉयमानच्या नव्या ट्रान्झिस्टरच्या मायक्रोफोनसाठीं अशी योजना हवी होती कीं, आवाज नेणाऱ्या तारांतूनच मायक्रोफोनला वीजहि मिळावी. त्यांच्या स्टुडिओंत आणीबाणीच्या दिव्यांसाठीं अठ्ठेचाळीस व्होल्टची वीज अगोदरच खेळवलेली होती. हिंवाळ्यांत दिवसाढवळ्या अंधार असलेल्या देशांत दिवे जाणें परवडत नाहीं. तेव्हां तीच वीज घ्यावयाचें ठरलें. आज जगांतील लहानमोठ्या स्टुडिओंतून अठ्ठेचाळीस हाच आंकडा चालतो, आणि त्याचें मूळ उत्तर ध्रुवाजवळच्या त्या काळोखांत आहे, हें त्यांतील किती जणांना ठाऊक असेल कोण जाणे.

ही वीज आवाजाच्या वाटेंत येत नाहीं, ती कशी? तीन दांड्यांपैकीं दोन दांड्यांच्या तारांतून एकच आवाज जातो, पण एकींत सुलट आणि दुसरींत उलट. तिसरी तार भोंवतीं कवचासारखी असते. पलीकडच्या टोकाचें यंत्र या दोन तारांतील फरक तेवढा ऐकतें. वाटेंत विजेच्या दिव्यांची, पंख्यांची वा इतर यंत्रांची घरघर आंत शिरली, तर ती दोन्ही तारांवर सारखीच बसते. फरक शून्य, म्हणून ती ऐकूंच येत नाहीं. अठ्ठेचाळीस व्होल्ट हेहि दोन्ही तारांवर सारखेच चढवलेले असतात. म्हणून तेहि ऐकूं येत नाहींत. आहे पण दिसत नाहीं अशा या विजेला इंग्रजांनीं 'फॅन्टम' म्हणजे भुताचें नांव दिलें. ज्या भुताच्या नांवानें पोरें भितात, त्यापेक्षां हें भूत फारच उपकारी. त्याच्या जिवावर शंभर मीटर लांबीच्या तारेनेंहि तो नाजूक आवाज सुखरूप जाऊं लागला.

१९६२ सालीं बेल प्रयोगशाळेंत गेर्हार्ड सेसलर व जेम्स वेस्ट यांनीं, विजेचा भार कायमचा धरून ठेवणारा प्लास्टिकचा पडदा वापरून कंडेन्सर मायक्रोफोन केला. पुढें टेलिफोनमध्यें, ध्वनिमुद्रकांत, कर्णबधिरांच्या उपकरणांत तोच शिरला. ती कथा स्वतंत्र सांगण्याजोगी आहे. आपण दुसऱ्या दाराकडे वळूं.

आवाज अंकांत मांडण्याची कल्पना ॲलेक रीव्ह्ज या इंग्रज अभियंत्याला १९३७ सालीं पॅरिसमध्यें काम करीत असतां सुचली. त्याचीहि चिंता तीच: लांबच्या वाटेवर टेलिफोनचा आवाज मध्येंमध्यें वाढवीत नेला, तर त्याबरोबर घरघरहि वाढत जाते. त्यावर त्याचा तोडगा असा: लाटेची उंची दर क्षणीं मोजावी, आणि लाट न पाठवतां नुसती मोजणी पाठवावी. निरोप्यानें दुधाचा हंडा डोक्यावरून नेला तर वाटेंत सांडावयाचेंच. पण 'हंड्यांत इतकीं शेर दूध होतें' एवढी चिठ्ठी नेली, तर ती कितीहि मळली तरी वाचतां येते. १९८२ सालीं बाजारांत आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कवर हीच मोजणी दर सेकंदास चव्वेचाळीस हजार एकशें वेळां केलेली असते. त्या वेळीं मोजणारें यंत्र मात्र मायक्रोफोनपासून दूर, स्टुडिओच्या कपाटांत असे. म्हणजे चिठ्ठी लिहिली जाई ती दूध बरेंच अंतर चालून आल्यावर.

मग चिठ्ठी मायक्रोफोनच्या पोटांतच कां लिहूं नये? वेन्टेच्या व्हॉल्व्हप्रमाणें मोजणारें यंत्रहि पडद्याच्या शेजारीं आणून बसवावें, हा विचार ओघानेंच आला. नॉयमानच्या कारखान्यानें या शतकाच्या आरंभीं असा मायक्रोफोन केला, आणि ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटी या संस्थेनें २००१ सालीं अशा मायक्रोफोनांसाठीं एक प्रमाण ठरवून दिलें. तें शास्त्रदृष्ट्या निर्दोष होतें, पण महाग पडे, आणि त्यासाठीं पलीकडचीं यंत्रेंहि नवीं घ्यावीं लागत. विद्वानांनीं बांधलेला तो राजरस्ता ओसाडच राहिला म्हणावयाचा. लोकांनीं पायवाट धरली ती वेगळीच. संगणकाला छापयंत्र, कळफलक वगैरे जोडण्यासाठीं १९९६ मध्यें 'यूएसबी' नांवाची जोडणी निघाली होती. २००५ च्या सुमारास तिच्यावर चालणारे स्वस्त कंडेन्सर मायक्रोफोन दुकानांत आले. पेटी नको, भुताची वीज नको. संगणकास तार लावावी आणि बोलावें. जाणत्यांनीं प्रथम नाकें मुरडलीं, आणि आरंभीं त्यांचें बरोबरहि होतें. पण २०२० सालीं साथीच्या रोगानें घरोघर दारें लागलीं, तेव्हां शिक्षकांनीं, वार्ताहरांनीं, गवयांनीं याच पायवाटेनें आपला आवाज बाहेर धाडला. २०२३ चा माझा मायक्रोफोन हा या दोन वाटांचा संगम होय: नॉर्वेच्या काळोखांतली वाट आणि संगणकाच्या कळफलकाची वाट, एकाच खोबणींत.

आतां त्या दोन दारांची तुलना. सोयीच्या दृष्टीनें चपट्या फटीशीं स्पर्धा नाहीं. तिच्या आंतील मोजणी-यंत्राची पट्टी इतकी लांब आहे कीं, कुजबुज आणि किंकाळी दोन्ही तींत मावतात; आवाजाची पातळी अगोदर बेतण्यांत चूक झाली तरी ती मागाहून सावरतां येते. माझ्यासारख्या अनभ्यस्त माणसाला याचें मोल फार. परंतु यू-४७ चा व्हॉल्व्ह आठवा. १९८७ सालीं निघालेलें अंकरूप ध्वनिमुद्रणाचें 'डॅट' नांवाचें टेप-यंत्र एके काळीं स्टुडिओंची शान होतें. २००५ मध्यें सोनीनें तें करणें थांबवलें, आणि आज त्या टेपा घेऊन लोक चालतें यंत्र शोधीत हिंडतात. 'फायरवायर' नांवाची जोडणी वीस वर्षांपूर्वीं प्रत्येक चांगल्या ध्वनिमुद्रण-पेटीला असे. आजच्या नव्या संगणकांना तिची खोबणच नसते. आंकडे शाबूत असतात; ज्या दारानें ते यावयाचे तें दार भिंतींत बुजवलेलें असतें. उलट १९६६ सालचा नॉयमानचा मायक्रोफोन आज कोणत्याहि स्टुडिओंत न्यावा, तीन दांड्यांची तार लावावी, अठ्ठेचाळीस व्होल्ट सोडावे. तो बोलूं लागतो. जुन्याचा अभिमान म्हणून मी हें सांगत नाहीं. लाटेला वाचक लागत नाहीं, चिठ्ठीला लागतो, आणि चिठ्ठीची लिपि दर दहा-पंधरा वर्षांनीं बदलते. म्हणून मला वाटतें कीं, माझ्या मायक्रोफोनची चपटी फट एक दिवस निकामी होईल, आणि त्या दिवशीं गोल खोबणीच्या जोरावर तो पुढें चालत राहील. पहिल्या दाराची खरी किंमत तेव्हां कळेल.

असें असूनहि, ज्या कामासाठीं मीं तो घेतला तें काम मीं चपट्या फटीनेंच केलें, हें कबूल केलें पाहिजे. गेल्या मार्गशीर्षांत, हवा कोरडी असतांना, मी पुन्हां आत्याकडे गेलों. या वेळीं पेटी नव्हती, भेंडोळें नव्हतें. पिशवींत मायक्रोफोन व लहानसा संगणक. माजघरांत जात्याशेजारीं तो उभा केला. आत्यानें तो हातांत घेऊन उलटा केला, बुडाशीं पाहिलें आणि विचारलें, "अरे, माझा आवाज यांतल्या कुठल्या भोकांतून जातो?" मीं दाखवलें. "आणि हें दुसरं?" "तेंहि आवाजाचंच, आत्ये. एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून." तिला तें पटल्यासारखें दिसलें, दोन दारांच्या घरांतच तिचा जन्म गेला आहे.

तिनें त्या दिवशीं व दुसऱ्या दिवशीं मिळून एकशें सात ओंव्या म्हटल्या. आवाज पूर्वीपेक्षां पुष्कळ बारीक झालेला आहे. कांहीं ठिकाणीं तर ओंवीपेक्षां श्वासच अधिक ऐकूं येतो. निघतांना मी सामान आवरूं लागलों, तों ती म्हणाली, "माझं राहूं दे आतां. जात्याचं घे. मी गेल्यावर हें कोण फिरवणार आहे?" मग मूठभर तांदूळ टाकून तिनें जातें ओढलें, आणि मायक्रोफोन जमिनीलगत ठेवून ती घरघर मीं बारा मिनिटें घेतली. चौथ्या मिनिटाला मागीलदारीं गाय हंबरते, तें तसेंच ठेवलें आहे.